सही कोणाची? स्वायत्त शस्त्रांच्या धोरणासंबंधी एका निवृत्त सॅपरचे खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार
माननीय संरक्षण दल प्रमुख, नवी दिल्ली

विषय : माणसाच्या हुकुमाविना लक्ष्य निवडू शकणाऱ्या शस्त्रांसंबंधी जाहीर आणि बंधनकारक धोरणाची मागणी

महोदय,

मी भूसेनेच्या इंजिनिअर्स कोअरमधून निवृत्त झालेला अधिकारी (सैन्याच्या भाषेत ‘सॅपर’) असून इंदूरला राहतो. या पत्राचा हिंदी मसुदा आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केला आहे. मराठी मसुदा प्रसिद्ध करण्याचे कारण एवढेच की या शहरातल्या मराठी घरांचा सैन्याशी जुना ऋणानुबंध आहे, आणि आता त्याच घरांतली मुले-मुली गणवेश न चढवताही युद्धाच्या कामात ओढली जात आहेत. त्यांना या विषयावर काही म्हणता यावे असे मला वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर, महूच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये ‘रण संवाद’ हे तिन्ही दलांचे चर्चासत्र दोन दिवस चालले. तंत्रज्ञानामुळे युद्ध कसे पालटते आहे हाच त्याचा विषय होता. त्याच महिन्यात सायबर मोहिमांचे आणि उभयचर (समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याच्या) मोहिमांचे संयुक्त डॉक्ट्रिन, म्हणजे लढण्याच्या मूलतत्त्वांची पुस्तिका, गोपनीयतेतून मुक्त करून लोकांना वाचायला खुले करण्यात आले. आमच्या काळात डॉक्ट्रिनचे पुस्तक कुलुपात असे आणि ते पाहण्यासाठी रजिस्टरमध्ये नोंद करावी लागे. त्या मानाने हा मोकळेपणा मोठा आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. मात्र जो प्रश्न सर्वांत आधी लेखी सुटायला हवा, त्यावर सर्वसामान्य नागरिकाला वाचता येईल असे बंधनकारक धोरणपत्र अजून नाही. समोरच्या माणसाला मारायचे की नाही हे यंत्राने ठरवले, तर त्या निर्णयाखाली सही कोणाची?

२२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांवरील पहिला ठराव मताला आला. १५२ देश बाजूने होते आणि विरोधात चार. त्या चारांत भारत होता. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये अशाच ठरावावर १६६ देशांनी अनुकूल मत दिले आणि भारत तटस्थ राहिला. या दोन्ही वेळा आपल्या बाजूने जी कारणे मांडली गेली ती मी वाचली आहेत आणि ती पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. हा विषय जिनिव्हातील पारंपरिक शस्त्रांच्या कराराच्या चौकटीतच चर्चिला जावा, कारण तेथे शस्त्रे बाळगणारे प्रमुख देश एकमताने निर्णय घेतात, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. १९७४ च्या आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तंत्रज्ञानाच्या नाकेबंदीचा अनुभव घेतलेल्या देशाने घाईघाईच्या बंदीकडे संशयाने पाहावे, हेही स्वाभाविक आहे. या शस्त्रांवर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही. उत्तरेला आणि पश्चिमेला कोण बसले आहे हे मला माहीत आहे.

परंतु जिनिव्हातल्या त्याच चौकटीत २०१७ आणि २०१८ साली याच विषयावरच्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद भारताच्या राजदूतांकडे होते, आणि त्या कामातून २०१९ साली जी अकरा मार्गदर्शक तत्त्वे एकमताने स्वीकारली गेली त्यांत भारतही आहे. शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, कारण उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही, असे त्यांत निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. आपण स्वतः घडवलेले तत्त्व आपल्याच सैन्याच्या स्थायी आदेशांत कोठे आणि कसे उतरले, हे विचारायला न्यूयॉर्कची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची, परवानगी लागत नाही. नव्या तहाला आजच तयार नसणे ही एक गोष्ट झाली. घरचा नियम जाहीर न करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि पहिलीच्या आडोशाने दुसरी झाकली जाते आहे अशी माझी पहिली तक्रार आहे.

मला हे बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’साठी सैन्य सीमेवर गेले, तेव्हा राजस्थानच्या हद्दीवर भूसुरुंग पेरणाऱ्यांत मी होतो. पुढे ते काढणाऱ्यांतही होतो. सुरुंग हे सर्वांत जुने स्वायत्त शस्त्र आहे. एकदा पेरला की तो कोणाला विचारत नाही. दाब पडला की फुटतो, मग तो दाब रणगाड्याचा असो, शत्रूच्या बुटाचा असो की हरवलेली शेळी शोधत आलेल्या पोराचा असो. असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, सैन्याने त्याच्याभोवती शिस्तीचा एक कडक पिंजरा उभा केला आहे. प्रत्येक सुरुंगक्षेत्राचा अभिलेख तयार होतो. त्यात खुणेचा कायम बिंदू, तेथून मोजलेली अंतरे, रांगांची दिशा, सुरुंगांचे प्रकार आणि संख्या लिहिली जाते आणि खाली अधिकाऱ्याची सही असते. भोवती तारेचे कुंपण आणि धोक्याच्या पाट्या लागतात. १९९९ साली भारताने स्वीकारलेल्या सुधारित सुरुंग प्रोटोकॉलने त्यात भर घातली; माणसांविरुद्धच्या सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका शोधकयंत्राला सापडणारा अंश असलाच पाहिजे, अशी बारीक अटही त्यात आहे. आठ ग्रॅम! उद्या तो सुरुंग काढायला येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार आज तो बनवणाऱ्याने करावा, इतक्या टोकापर्यंत हा विचार गेलेला आहे.

आणि तरीही माणसे मेली. टेकड्यांची वाळू वाऱ्याने सरकते आणि तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो; कागदावरचे अंतर आणि जमिनीवरचे अंतर जुळेनासे होते. काढताना आमचे जवान जखमी झाले, काही गेले. गावकऱ्यांनीही पाय गमावले. त्यांतल्या एका गुराख्याला उचलून आणताना मी तेथे होतो. त्याच्या कुटुंबाने नंतर जेव्हा नुकसानभरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा त्या क्षेत्राचा अभिलेख होता, पेरणी कोणत्या तुकडीने कोणत्या तारखेला केली हे लिहिलेले होते, आणि म्हणून त्या अर्जाला निदान एक पत्ता होता. न्याय पुरा झाला की नाही हा वेगळा विषय आहे. पण ‘हे कोणी केले’ या प्रश्नाला उत्तर होते.

आज जे शस्त्र येते आहे ते या सुरुंगाचेच भावंड आहे. फरक इतकाच की ते एका जागी पुरलेले नाही, ते उडते. आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधणारी लॉयटरिंग म्युनिशन आपल्या दलांनी मे २०२५ च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये वापरली. शत्रूच्या रडारच्या लहरी हेरून त्यावर कोसळणाऱ्या यंत्राबद्दल माझी विशेष तक्रार नाही, कारण रडार हे रडारच असते. ते शेळ्या राखत नाही. त्याचप्रमाणे येणारा ड्रोन किंवा क्षेपणास्त्र पाडण्याचे काम यंत्राच्या वेगानेच व्हावे लागेल, हेही मला मान्य आहे. ८ मेच्या रात्री छत्तीस ठिकाणी सुमारे तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले गेल्याचे आपल्याच प्रवक्त्यांनी सांगितले. इतक्यांना एकेक करून ‘मारू का, साहेब?’ असे विचारत बसणे कोणालाही शक्य नाही. माझी चिंता जेथे लक्ष्य म्हणजे माणूस आहे, तेथे सुरू होते.

माणसावरचा मारा यंत्राने ठरवण्याची वेळ एखाद्या समितीच्या निर्णयाने येणार नाही, ती जॅमिंगमुळे, म्हणजे रेडिओसंपर्क तोडला गेल्यामुळे येईल, आणि या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या ड्रोनचा रेडिओसंपर्क तोडण्याची इतकी साधने उभी केली की चालकाचा हुकूम ऐन क्षणी ड्रोनपर्यंत पोचेनासा झाला. त्यावर जे उपाय निघाले त्यांत ड्रोनमागे काचतंतूची बारीक तार सोडणे हा एक, आणि शेवटच्या टप्प्यात लक्ष्य धरून ठेवण्याचे काम ड्रोनमधल्याच संगणकावर सोपवणे हा दुसरा. हा दुसरा उपाय स्वस्त आहे आणि तो पसरणार. म्हणजे ‘आम्ही यंत्राला स्वातंत्र्य दिले’ असे कोणीच कधी ठरवणार नाही. संपर्क तुटला तर काय करायचे, या एका तांत्रिक रकान्यात ते स्वातंत्र्य गुपचूप भरले जाईल. परत फिरायचे, जमिनीवर उतरून निकामी व्हायचे, की हाती आहे त्या माहितीवर पुढे जाऊन स्फोट करायचा? हा रकाना आज कोण भरतो? पुरवठादार कंपनी भरते, खरेदी करणारा विभाग भरतो, की ज्याच्या क्षेत्रात ते शस्त्र सोडले जाणार तो कमांडर भरतो? याचे उत्तर जाहीर नाही, ही माझी दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चौकटीविषयी आहे. सैन्यात वापरायच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा विश्वासार्हपणा कसा तपासावा यासाठी ती आखली असून तिची पाच तत्त्वे सांगितली गेली: भरवसा व मजबुती, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि खासगीपणा. यंत्र चांगले आहे की नाही हे तपासायला ही पाचही तत्त्वे उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण दायित्व हे स्वतंत्र तत्त्व त्या यादीत नाही. उत्तम तपासलेली बंदूकसुद्धा कोणीतरी चालवतो, आणि लष्करी कायद्याला त्या ‘कोणीतरी’चे नाव लागते.

नाव लागते म्हणजे काय, याची अलीकडची दोन उदाहरणे आपल्याच सेवेतली आहेत. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ आपल्याच हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्याच ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. दोन्ही घटना लाजिरवाण्या होत्या, परंतु दोन्हींत कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसू शकली, कारण कार्यपद्धती लिहिलेली होती आणि ती कोणी मोडली हे शोधता येत होते. त्या जागी स्वतःहून निवड करणारे यंत्र असते, तर चौकशी कॅमेऱ्याकडून प्रणालीकडे, प्रणालीकडून तिला शिकवण्यासाठी वापरलेल्या छायाचित्रांकडे, तेथून कंपनीकडे, कंपनीकडून खरेदीच्या करारातल्या अटींकडे गेली असती आणि वाटेतच कोठेतरी विरली असती.

माणूस चुकत नाही, असे माझे म्हणणे नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० जण मारले गेले. तेथे नौकेवरच्या यंत्रणेत विमान वर चढत असल्याची नोंद होत होती. ते खाली झेपावते आहे असे माणसांनी सांगितले. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमध्ये ओटिंगजवळ कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांची गाडी अतिरेक्यांची समजून जवानांनी गोळीबार केला आणि सहा मजूर जागीच गेले. निवडक, कसलेल्या तुकडीचे डोळे आणि अनेक वर्षांचे प्रशिक्षण तेथे होते. कधीकधी यंत्र माणसापेक्षा बरोबर पाहील, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रश्न अचूकतेचा असता तर मी हे पत्र अभियंत्यांना लिहिले असते. खांद्यावर काठी टाकून रात्री वाळवंटातून चालणारा माणूस उष्णता टिपणाऱ्या पडद्यावर बंदूकधारी दिसू शकतो. तो माणसालाही दिसतो आणि यंत्रालाही दिसेल. त्यानंतर जे घडते त्याचा जाब कोणाला विचारायचा, एवढाच माझा मुद्दा आहे. आणि पडद्यावरच्या चौकटीला दहा सेकंदांत ‘हो’ म्हणण्यापुरता एखादा थकलेला तरुण कॅप्टन बसवून ठेवणे म्हणजे मानवी नियंत्रण नव्हे. ती त्या कॅप्टनला पुढे करून इतरांनी मागे लपण्याची सोय आहे.

चौथी तक्रार या शहराची आहे. २०१८ पासून आयडेक्स या संरक्षण खात्याच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेने संरक्षणाचे काम लहान कंपन्यांपर्यंत पोचवले, आणि ते योग्यच केले. त्यामुळे आज इंदूरमधल्या साध्या दिसणाऱ्या कार्यालयांतही चित्र ओळखण्याच्या प्रणालींवर काम होऊ शकते. माझी पुतणी अशाच एका ठिकाणी नोकरीला आहे. कामाचा तपशील ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. तेवढी शिस्त दोघांनाही आहे. पण एकदा जेवताना तिने विचारले, “काका, आम्ही बनवलेल्या गोष्टीनं चुकीचा माणूस मेला, तर नाव कुणाचं लागेल? माझं?” मी वर्षानुवर्षे सैन्यात काढली, महूला ज्युनिअर कमांड कोर्स केला, युद्धाच्या नियमांवर जवानांचे वर्ग घेतले, तरी तिला देता येईल असे एकही लेखी उत्तर माझ्याजवळ नव्हते. सैनिकाला आर्मी अ‍ॅक्टने निदान इतके दिले आहे की अवज्ञा हा गुन्हा ठरतो तो कायदेशीर हुकुमाच्या संदर्भात. या मुलीला काय दिले आहे?

उत्तरदायित्वाचा हा आग्रह कोठून तरी बाहेरून आणलेला आहे, असे कोणी म्हणू नये. १६७३ साली शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना जे पत्र लिहिले, ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, हा भाग आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. त्यातला दुसरा भाग मला एक सैनिक म्हणून अधिक मोलाचा वाटतो. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजी पेटतील, वैरण जाईल आणि घोडी मरतील, तेव्हा आधीच सांभाळा, अशी ताकीद त्यात आहे. वात उंदराने नेली ही सबब तेथे चालणार नव्हती. दिवा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची.

आता मागण्या सांगतो.

ज्या शस्त्रप्रणालीत माणसाला लक्ष्य म्हणून निवडण्याची किंवा त्यावर मारा करण्याची क्षमता यंत्राकडे आहे, तिच्याविषयी तिन्ही दलांना बंधनकारक असे एक धोरणपत्र काढावे आणि त्याचा गोपनीय नसलेला भाग प्रसिद्ध करावा. हे केल्याने शत्रूला आपली गुपिते कळतात, हे मला पटत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ साली असे निर्देशपत्र जाहीर केले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा जाहीर केले. त्यातली ‘योग्य प्रमाणात मानवी विवेक’ ही शब्दयोजना मला सैल वाटते, पण सैल का होईना, वाचायला कागद आहे. आपण याहून घट्ट लिहू शकतो.

त्या धोरणपत्रात प्रत्येक वापरासाठी एका नामनिर्देशित कमांडरची पूर्वलेखी मंजुरी अनिवार्य असावी. कोणते क्षेत्र, किती वेळ, कोणत्या प्रकारचे लक्ष्य, आणि संपर्क तुटल्यास यंत्राने काय करायचे, हे त्यात नमूद असावे. सुरुंगक्षेत्राच्या अभिलेखाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला तरी निम्मे काम होईल. यंत्राने टिपलेली नोंद आणि ही मंजुरी, दोन्ही एकत्र जपून ठेवावीत आणि अपघात झाल्यास ती चौकशीपुढे यावीत.

नवे शस्त्र सेवेत घेण्यापूर्वी ते युद्धविषयक कायद्यात बसते की नाही याची तपासणी व्हावी. जिनिव्हा करारांना जोडलेला १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल आपण स्वीकारलेला नसल्यामुळे त्यातले या तपासणीचे कलम आपल्याला तहाने बांधत नाही; पण १९४९ चे जिनिव्हा करार आपण स्वीकारले आणि त्यांसाठी १९६० साली स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याच्या भावनेला धरून ही तपासणी स्वतःच्या आदेशाने सुरू करता येईल. ती शस्त्र बनवणाऱ्या किंवा खरेदी करणाऱ्या विभागाकडे नसावी.

पुरवठादार कंपन्यांशी होणाऱ्या करारांत जबाबदारीची रेषा स्पष्ट असावी, आणि एखाद्या अभियंत्याने प्रणालीतला दोष लेखी कळवला तर त्याची नोंद लष्करी बाजूस पोचण्याची आणि त्या व्यक्तीला संरक्षण मिळण्याची व्यवस्था असावी.

पुढचा ‘रण संवाद’ कोठेही भरो, त्यात एक सत्र केवळ या विषयासाठी ठेवावे आणि त्यात कायद्याचे अभ्यासक, हवाई संरक्षणाच्या पडद्यासमोर प्रत्यक्ष बसणारे कनिष्ठ अधिकारी आणि सीमेवरच्या गावांतली माणसे यांना बोलवावे. शेवटच्या गटाला बोलावण्याची प्रथा नाही, याची मला कल्पना आहे.

यांपैकी एखादी गोष्ट आधीच अमलात असेल, तर तसे एका ओळीत कळवावे; ती ओळ मी इतक्याच ठळकपणे प्रसिद्ध करीन. काही मुद्द्यांवर सुरक्षिततेच्या कारणाने बोलता येत नसेल, तर निदान कोणत्या मुद्द्यांवर बोलता येत नाही एवढे सांगावे. उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत आले तरी चालेल. त्याचे मराठी करून इथल्या वाचकांपुढे, आणि माझ्या पुतणीपुढे, ठेवण्याचे काम मी करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सॅपर अधिकारी
इंदूर